फोल्डरची मांडणी कोण लक्षात ठेवतं?

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एखाद्या स्टुडिओत एकाच कॉम्प्युटरवर दिवसभरात निरनिराळ्या तऱ्हेचे फोल्डर उघडावे लागतात. फोटोंच्या फोल्डरमध्ये मोठे थंबनेल हवेत. हळदीपासून पंगतीपर्यंतचे शेकडो फोटो डोळ्यांखालून घालताना डोळे मिटलेला नवरदेव चटकन दिसला पाहिजे. बिलांच्या फोल्डरमध्ये चित्रांचा काही उपयोग नाही. तिथे यादी हवी, तीही तारखेनुसार, सगळ्यात नवं बिल वर. अल्बम छपाईला पाठवायच्या फोल्डरमध्ये प्रत्येक फाइल किती एमबीची आहे हे दिसायला हवं, कारण कुठली फाइल ईमेलने जाईल आणि कुठली पेन ड्राइव्हवर घालावी लागेल हे त्यावरून ठरतं. एकदा बसून अशी मांडणी लावली की ती तशीच राहील, अशी सगळ्यांचीच समजूत असते. आणि मग एक दिवस बिलांच्या फोल्डरमध्ये पीडीएफची भलीमोठी चिन्हं दिसू लागतात आणि फोटोंच्या जागी नुसती नावांची रांग उभी राहते.

ही तक्रार जगभरची आहे आणि कॉम्प्युटरवर फोल्डर आले तेव्हापासूनची आहे. तिच्यामागे कुणाचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. फोल्डर कसा दिसावा ही माहिती कुठे नोंदवायची, या प्रश्नाला गेल्या चाळीस वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी उत्तरं दिली आणि प्रत्येक उत्तराने काही गोष्टी सोप्या केल्या, तर काही अवघड करून ठेवल्या.

मांडणी म्हणजे नुसतं चिन्हं की यादी एवढंच नसतं. फाइली नावाने लावायच्या, तारखेने की आकाराने, चढत्या क्रमाने की उतरत्या, त्यांचे गट पाडायचे का, यादीत कुठले रकाने दाखवायचे आणि प्रत्येकाची रुंदी किती, चिन्हं केवढी, लपवलेल्या फाइली दाखवायच्या का, विंडो पडद्यावर कुठे आणि केवढी उघडायची, हे सगळं त्यात येतं. कुणी हाताने चिन्हं हलवून एक कोपरा ‘झालेल्या कामांचा’ ठरवलेला असेल तर तेही आलं. एका फोल्डरमागे अशा दहा-बारा बारीक नोंदी होतात आणि कॉम्प्युटरवर फोल्डर असतात हजारोंनी. ही मांडणी वापरणाऱ्याने वेळ घालून केलेली असते. ते कामच आहे, आणि लिहिलेल्या पत्राइतकंच ते जपलं गेलं पाहिजे. फाइल मॅनेजर, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणारे प्रोग्रॅम, बनवणाऱ्यांनी मात्र तिला बहुतेक वेळा शोभेची गोष्ट मानलं.

सुरुवातीला असं नव्हतं. जानेवारी १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला, तेव्हा त्यातला फाइल मॅनेजर होता ‘फाइंडर’. तो ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी लिहिला होता. त्याचा नियम सरळ होता. प्रत्येक फोल्डरची स्वतःची एक विंडो, आणि एक फोल्डर एका वेळी एकाच विंडोत उघडणार. विंडो बंद करून पुन्हा उघडली की ती त्याच जागी, त्याच आकारात, आतली चिन्हं जिथे ठेवली तिथेच. ही सगळी माहिती डिस्कवरच लिहिलेली असायची, त्यामुळे फ्लॉपी काढून दुसऱ्या मॅकमध्ये घातली तरी मांडणी तिच्यासोबत जायची. माणसं वस्तू कुठे आहे हे जागेवरून लक्षात ठेवतात, आणि फाइंडरने नेमका त्याचाच आधार घेतला होता.

तेव्हा हे जमलं याला कारणंही होती. फ्लॉपीवर ४०० किलोबाइट मावायचे, त्यामुळे फोल्डर मोजकेच असायचे. मशीन एकाच माणसाचं असायचं. एकाच फोल्डरमध्ये दोघं दोन कॉम्प्युटरवरून एकदम डोकावताहेत आणि एकाला यादी हवी आहे, दुसऱ्याला चित्रं, असा प्रसंगच येत नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, कमोडोर कंपनीचा अमिगा आला. त्याच्या ‘वर्कबेंच’ने आणखी एक शहाणपण दाखवलं, जे पुढे बहुतेक सगळे विसरले. अमिगावर चिन्ह हलवलं की ते हलायचं, पण तेवढ्यापुरतंच. ती जागा कायमची करायची असेल तर मेनूत जाऊन ‘स्नॅपशॉट’ निवडावं लागे. मग ती जागा ‘डॉट इन्फो’ नावाच्या छोट्या फाइलीत लिहिली जाई. म्हणजे काय लक्षात ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं हे वापरणारा सांगायचा, यंत्र अंदाज बांधत बसायचं नाही. घाईत पाच मिनिटांसाठी बदललेली मांडणी आणि मुद्दाम बसून लावलेली मांडणी यांतला फरक त्या मशीनला कळत होता, कारण तो त्याला सांगितलेला असायचा. आजच्या बहुतेक फाइल मॅनेजरना तो कळत नाही.

हार्ड डिस्क वाढल्या, नेटवर्क आलं, एका कॉम्प्युटरवर चार माणसांची खाती आली, तेव्हा ही नोंद कुठे ठेवायची हा मूळ प्रश्न टाळता येईना. दवाखान्यात रुग्णाची माहिती ठेवायच्या दोन पद्धती असतात. एकीत केस पेपर रुग्णाच्याच हातात देतात, तो जिथे जाईल तिथे कागद जातो. दुसरीत दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये नोंद राहते आणि रुग्ण दुसऱ्या गावी गेला की तिथे तो नवाच असतो. फाइल मॅनेजरमध्येही हेच दोन मुख्य पंथ आहेत. मॅकने केस पेपर फोल्डरच्या हातात दिला. विंडोजने रजिस्टर मांडलं.

विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये आली. तिच्यातही सुरुवातीला प्रत्येक फोल्डर वेगळ्या विंडोत उघडायचा आणि त्याची मांडणी लक्षात राहायची. पण ती आठवण फोल्डरमध्ये नव्हती. ती ‘रजिस्ट्री’त होती, म्हणजे विंडोज स्वतःच्या आणि वापरणाऱ्याच्या सगळ्या आवडीनिवडी जिथे लिहिते त्या एका मोठ्या नोंदसंग्रहात. आजच्या विंडोज ११ मध्येही तीच पद्धत आहे, आणि ती एकदा जवळून पाहण्यासारखी आहे.

रजिस्ट्रीत वापरणाऱ्याच्या भागात ‘बॅगएमआरयू’ नावाचं एक झाड असतं. त्याला फोल्डरांच्या रचनेप्रमाणेच फांद्या असतात, पण फांद्यांना नावांऐवजी शून्य, एक, दोन असे आकडे असतात. ‘माझा कॉम्प्युटर’ ही एक फांदी, तिच्याखाली डी ड्राइव्ह, तिच्याखाली ‘बिले’ नावाचा फोल्डर. प्रत्येक टोकाला ‘नोडस्लॉट’ नावाचा एक क्रमांक लिहिलेला असतो. समजा ‘बिले’चा क्रमांक २१७ आहे. मग शेजारच्या ‘बॅग्ज’ नावाच्या कप्प्यात २१७ नंबरची पिशवी शोधायची. तिच्यात ‘मोड’, ‘सॉर्ट’, ‘ग्रुपबाय’, ‘आयकॉनसाइझ’ अशा नोंदी सापडतात. फोल्डर उघडताना विंडोज आधी झाडावरून नंबर काढते, मग पिशवी उघडते, मग त्याप्रमाणे फाइली मांडते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

गडबड होते ती तीन ठिकाणी. पहिली गोष्ट, पिशव्यांची संख्या मर्यादित आहे. विंडोज एक्सपीच्या सुरुवातीच्या काळात ही मर्यादा ४०० फोल्डरांची होती, नंतर ती ५००० पर्यंत नेली गेली. एमआरयू म्हणजे ‘अलीकडे वापरलेले’. मर्यादा गाठली की जुन्यांना बाहेर काढून नव्यांना जागा दिली जाते. एक्सपीच्या काळात ज्यांच्याकडे फोल्डर जास्त होते त्यांना मांडणी आपोआप पुसली जाते असं वाटायचं, आणि ते खरंच तसं होत होतं.

दुसरी गोष्ट, ही आठवण फोल्डरची नसून फोल्डरकडे जाणाऱ्या वाटेची आहे. डी ड्राइव्हवरून गेलात तर एक पिशवी. तोच फोल्डर ‘लायब्ररी’त जोडलेला असेल आणि तिकडून उघडलात तर दुसरी. ऑफिसच्या नेटवर्कवरचा फोल्डर ड्राइव्हचं अक्षर देऊन उघडला तर एक, सर्व्हरचं नाव टाइप करून उघडला तर वेगळीच. डोळ्यांना फोल्डर एकच दिसतो, म्हणून आपण लावलेली मांडणी ‘गेली’ असं वाटतं, पण ती दुसऱ्या वाटेवर शाबूत असते. पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरचंही तसंच. त्याची मांडणी ज्या कॉम्प्युटरवर लावली तिथल्या रजिस्ट्रीत राहते. पेन ड्राइव्ह दुसरीकडे लावला की तिथे तो फोल्डर कोरा. गंमत अशी की त्याच फोल्डरचं चिन्ह बदलून रंगीत केलं असेल तर ते बरोबर येऊ शकतं, कारण चिन्हाची नोंद फोल्डरच्या आतल्या ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ या लपलेल्या फाइलीत असते. चिन्ह फोल्डरबरोबर फिरतं आणि मांडणी घरीच राहते, हा विंडोजचा खुलासा न होणारा पंक्तिभेद आहे.

तिसरी गडबड सगळ्यात त्रासदायक. विंडोज फोल्डरमध्ये डोकावून अंदाज करते की आत प्रामुख्याने काय आहे, आणि त्याप्रमाणे त्याला पाचांपैकी एक साचा लावते: सर्वसाधारण, कागदपत्रं, चित्रं, संगीत, व्हिडिओ. संगीताचा साचा लागला की यादीत गाण्याचं नाव, गायक, अल्बम असे रकाने येतात. चित्रांचा लागला की थंबनेल. एखाद्या वकिलाच्या फोल्डरमध्ये अर्जांच्या पीडीएफबरोबर स्कॅन केलेल्या सातबाऱ्याची बरीच जेपीजी चित्रं आली, की विंडोज त्याला फोटोंचा फोल्डर समजू शकते. मग तारखेचा रकाना गायब होतो. फाइली फार असतील तर फोल्डर उघडायलाही वेळ लागतो, कारण प्रत्येक चित्राच्या पोटातली माहिती वाचायची असते. वरच्या पट्टीत हिरवी रेघ हळूहळू सरकताना अनेकांनी पाहिली असेल, तिचं एक नेहमीचं कारण हेच.

‘डाउनलोड्स’ फोल्डरचा तर स्वतंत्र साचा आहे. विंडोज १० च्या मे २०१९ च्या सुधारणेपासून त्यातल्या फाइली तारखेने, ‘आज’, ‘काल’, ‘गेल्या आठवड्यात’ अशा गटांत दिसू लागल्या. आत्ताच उतरवलेली फाइल वर दिसते, म्हणून कल्पना चांगलीच आहे. पण ज्यांना नावाने शोधायची सवय होती त्यांना एका सकाळी आपला फोल्डर अनोळखी वाटला.

यावर उपाय आहेत, आणि त्यांना रजिस्ट्रीत हात घालावा लागत नाही. फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावं, तिथे ‘कस्टमाइझ’ या भागात ‘ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर’ असा पर्याय आहे. तिथे साचा स्वतः ठरवून द्यायचा. खालच्या चौकटीत खूण केली की आतल्या सगळ्या उपफोल्डरांनाही तोच साचा लागतो. मग फोल्डर हवा तसा मांडायचा. त्यानंतर विंडोजच्या फाइल मॅनेजरच्या, म्हणजे एक्सप्लोररच्या, वरच्या पट्टीतली तीन टिंबं, ‘ऑप्शन्स’, ‘व्ह्यू’, आणि तिथलं ‘अप्लाय टू फोल्डर्स’ हे बटण. या बटणाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ते दाबल्याने कॉम्प्युटरवरचे सगळे फोल्डर सारखे होत नाहीत, ज्या साच्याचा फोल्डर समोर उघडा आहे फक्त त्या साच्याचे होतात. म्हणून सगळीकडे यादीच हवी असेल तर पाचही साच्यांचा एकेक फोल्डर उघडून पाचदा हे करावं लागतं. एवढं केलं तर बहुतेकांचा त्रास संपतो. हेही माहीत असावं, की हे बटण त्या साच्याच्या फोल्डरांना वेगवेगळी लावलेली मांडणीही झाकून टाकतं. तेव्हा आधी सगळ्यांसाठी एक मांडणी लावावी आणि मग ज्या मोजक्या फोल्डरांना वेगळं रूप हवं त्यांच्याकडे वळावं. उलट क्रमाने केलं तर श्रम फुकट जातात.

एक्सपीमध्ये ‘प्रत्येक फोल्डरची मांडणी लक्षात ठेवा’ अशी सरळ चौकट होती, ती विंडोज ७ मध्ये काढून टाकली. प्रत्येक फोल्डरची विंडो त्याच्या-त्याच्या जागी उघडण्याची सोयही त्याच आवृत्तीत गेली. हातातलं काहीतरी काढून घेतल्याची भावना अनेकांना तेव्हा झाली, आणि ती योग्यच होती.

मॅकचा पंथ वेगळा. १९९९ च्या सुमारास मॅक ओएस एक्ससाठी फाइंडर नव्याने लिहिला जात होता. त्या कामातले अभियंते आर्नो गुर्दोल यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की फाइंडरचा पाठीमागचा भाग वेगळा काढून त्याला ‘डेस्कटॉप सर्व्हिसेस’ असं नाव दिलं होतं, आणि त्याची साठवण म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये ‘.डीएस_स्टोअर’ नावाची फाइल आली. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे मॅकवर ती दिसत नाही. फोल्डरची मांडणी तिच्यात असते. वापरणाऱ्याने खरोखर काही बदललं तरच ती तयार व्हावी असा बेत होता. पण एका चुकीमुळे नुसता फोल्डर उघडून पाहिला तरी ती बहुधा तयार होते, असं खुद्द गुर्दोल यांनीच म्हटलं आहे.

त्या एका चुकीचे परिणाम सगळीकडे दिसतात. मॅकवर पुस्तकाची जुळणी करून पेन ड्राइव्ह छापखान्यातल्या विंडोजच्या मशीनला लावला की प्रत्येक फोल्डरमध्ये ही अनोळखी फाइल दिसते, आणि कुणीतरी ‘व्हायरस आहे का’ असं विचारतं. व्हायरस नाही, खुशाल काढून टाकावी. फार तर त्या फोल्डरची मॅकवरची मांडणी जाईल. प्रोग्रॅमर मंडळी आपल्या कामाच्या संग्रहात ती येऊ नये म्हणून तो संग्रह सांभाळणाऱ्या ‘गिट’ या प्रोग्रॅमला तसं आधीच सांगून ठेवतात. ऑफिसच्या सामाईक सर्व्हरवर ती लिहिलीच जाऊ नये अशी सोय ॲपलने दिली आहे. वेबसाइट चालवणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. या फाइलीत फोल्डरमधल्या फाइलींची नावं असू शकतात, आणि ती चुकून सर्व्हरवर चढली तर जी फाइल कुणाला दाखवायची नव्हती तिचं नाव बाहेरच्याला कळतं.

तरीही वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मॅकची पद्धत जास्त प्रामाणिक आहे. फोल्डर हलवला तर मांडणी बरोबर जाते. नवा मॅक घेऊन जुन्यावरचं सगळं तिकडे नेलं तरी फोल्डर ओळखीचे राहतात. मेनूत ‘शो व्ह्यू ऑप्शन्स’, किंवा कमांड आणि जे ही बटणं दाबली, की छोटी चौकट उघडते. तिच्यात ‘ऑलवेज ओपन इन लिस्ट व्ह्यू’ अशी खूण करता येते. ही खूण महत्त्वाची. ती नसेल तर एकाच विंडोत एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाताना मॅक आधीच्या फोल्डरचं रूप पुढे चालवतो, आणि लावलेली मांडणी विसरला असं वाटतं. ती असेल तर फोल्डर स्वतःचं रूप सोडत नाही. खालच्या ‘यूज ॲज डिफॉल्ट्स’ बटणाने नव्या फोल्डरांचं रूप ठरतं, पण ज्यांची मांडणी आधीच ठरलेली आहे त्यांना ते हात लावत नाही. विंडोजच्या बटणापेक्षा हे सौम्य आहे, आणि बरं आहे.

मॅकच्या जुन्या चाहत्यांना मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं. अमेरिकी लेखक जॉन सिराक्युझा यांनी २००३ मध्ये ‘आर्स टेक्निका’त या विषयावर एक सविस्तर लेख लिहिला होता. एक फोल्डर आणि एक विंडो ही जुनी घट्ट सांगड तुटली की मांडणी नेमकी कुणाची, फोल्डरची की विंडोची, हे अंधुक होतं, आणि मग कितीही नोंदी ठेवल्या तरी वापरणाऱ्याचा विश्वास बसत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तो आजही खरा आहे.

लिनक्सच्या जगात तर हा वाद प्रत्यक्ष प्रयोग करून झाला. मूळ मॅकिंटॉशवर काम केलेल्या अँडी हर्ट्झफेल्ड यांच्यासारख्या लोकांनी १९९९ मध्ये ‘ईझेल’ नावाची कंपनी काढली आणि नॉटिलस हा फाइल मॅनेजर बनवायला घेतला. नॉटिलसची पहिली पूर्ण आवृत्ती २००१ मध्ये आली आणि त्याच वर्षी कंपनी बंद पडली, पण प्रोग्रॅम खुला असल्यामुळे तो जगला. २००४ मध्ये ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या २.६ आवृत्तीसोबत नॉटिलसने जुन्या मॅकचा नियम सगळ्यांना लागू केला: प्रत्येक फोल्डरला वेगळी विंडो आणि प्रत्येकीची आठवण. पण आता फोल्डरात फोल्डर सात-आठ पातळ्या खोल गेलेले होते. एक फाइल गाठेपर्यंत पडद्यावर विंडोंची रांग लागायची. लोक वैतागले, आणि २०१० मध्ये ग्नोम २.३० ने तो नियम मागे घेतला. ज्या गोष्टीला १९८४ मध्ये लोकांनी जीव लावला तीच वीस वर्षांनी नकोशी झाली, याचं कारण फोल्डरांची संख्या आणि खोली. कल्पनेत खोट नव्हती.

केडीई या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपच्या ‘डॉल्फिन’ या फाइल मॅनेजरने निवड वापरणाऱ्यावर सोपवली आहे. त्याच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय आहेत: सगळ्या फोल्डरांना एकच रूप, किंवा प्रत्येकाचं वेगळं लक्षात ठेवायचं. दुसरा निवडला की पूर्वी फोल्डरमध्ये ‘.डिरेक्टरी’ नावाची साधी मजकुराची फाइल तयार व्हायची. ती कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता यायची. ‘डॉल्फिन’ या मथळ्याखाली ‘व्ह्यूमोड’ अशी ओळ. शून्य असेल तर चिन्हं, एक असेल तर तपशिलाची यादी, दोन असेल तर आटोपशीर यादी. फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच नसेल तर डॉल्फिन ती नोंद वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरात बाजूला ठेवतो. एखाद्याने ‘मांडणी का गेली’ असं विचारलं तर इथे फाइल उघडून दाखवता तरी यायची. विंडोजच्या पिशव्यांत साध्या माणसाला हे जमत नाही.

अलीकडच्या आवृत्त्यांत डॉल्फिनने तिसरी वाट धरली आहे. नोंद वेगळ्या फाइलीत न ठेवता फाइल सिस्टीममध्ये त्या फोल्डरलाच जोडायची, ‘एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट’ म्हणून. कचरा फाइली होत नाहीत आणि फोल्डर हलवला तरी नोंद सुटत नाही. ही कल्पना नवी नाही. १९९० च्या दशकातल्या बीओएस या प्रणालीच्या ‘ट्रॅकर’ या फाइल मॅनेजरने विंडोची जागा आणि रूप असंच ठेवलं होतं, आणि त्याचा वारस असलेल्या हायकू या प्रणालीत ते आजही चालतं. अडचण एकच: बाजारात मिळणारे बहुतेक पेन ड्राइव्ह एफएटी किंवा एक्सएफएटी पद्धतीचे असतात आणि त्यांत अशा जोडलेल्या नोंदींना जागाच नसते. कॉपी केल्यावर फाइली पोचतात, मांडणी मागे राहते. एक्सएफसीई या आणखी एका लिनक्स डेस्कटॉपच्या ‘थुनार’मध्येही प्रत्येक फोल्डरचं रूप लक्षात ठेवायचा पर्याय आहे. तो नोंदी एका मध्यवर्ती साठ्यात ठेवतो, म्हणजे विंडोजसारखं रजिस्टरच. टर्मिनलमधून फोल्डर हलवला तर त्या साठ्याला पत्ता लागत नाही.

विंडोजच्या त्या पिशव्यांचा आणखी एक उपयोग होतो, जो मांडणी लावणाऱ्या कुणाच्या मनातही नसतो. सायबर गुन्ह्यांचा तपास करणारे त्यांना ‘शेलबॅग’ म्हणतात. फोल्डर डिलीट केला तरी त्याची फांदी आणि पिशवी लगेच जात नाही. पेन ड्राइव्ह काढून नेला तरी त्यातल्या कुठल्या फोल्डरात कोण डोकावलं याची खूण कॉम्प्युटरवर उरते, कारण रजिस्ट्री प्रत्येक खात्याची वेगळी असते. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले युआनडोंग झू, पावेल ग्लादिशेव आणि जोशुआ जेम्स यांनी २००९ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला आणि या नोंदींवरून वापरणाऱ्याच्या हालचाली कशा जुळवता येतात ते दाखवलं. ‘मी तो फोल्डर कधी पाहिलाच नाही’ हे विधान आज शेलबॅग तपासून पडताळतात. त्याच यंत्राला बिलांची यादी तारखेने लावलेली होती हे मात्र आठवत नाही, याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. वापरणाऱ्याने मागितलेली आठवण निसटते आणि न मागितलेली चिकटून बसते, ही रचना बदलायला हवी.

ज्यांचं पोटच फाइलींवर आहे, ते बरेचदा वेगळा फाइल मॅनेजर घेतात. स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गिसलर यांचा टोटल कमांडर १९९३ पासून चालू आहे. त्याच्या नवव्या आवृत्तीपासून नियम लिहिता येतात: अमुक फोल्डरमध्ये शिरलं की थंबनेल, तमुक ठिकाणी तारखेची यादी. ऑस्ट्रेलियात बनणारा डिरेक्टरी ओपस यात सगळ्यात पुढे आहे. तो १९९० मध्ये अमिगावरच जन्मला. त्यात एखाद्या फोल्डरचं रूप नाव घालून जतन करता येतं, ते फक्त त्याला की आतल्या सगळ्यांना हे सांगता येतं, आणि एका प्रकारच्या फाइली ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तरच चित्रांचं रूप लावायचं असा नियमही करता येतो. अंदाज इथेही बांधला जातो, पण तो किती बांधायचा हे माणूस ठरवतो, आणि मुद्दाम जतन केलेलं रूप त्या अंदाजाच्या वर राहतं. खालच्या पट्टीत एक छोटं कुलूप आहे. ते लावलं की फोल्डर बदलत गेलं तरी समोरची मांडणी हलत नाही, आणि पुन्हा क्लिक केलं की प्रत्येक फोल्डर आपापल्या रूपात उघडायला लागतो.